लॅपटॉप गप्प झाला, आपण का व्हायचं?

गेल्या वर्षी जूनमध्ये मी नवा लॅपटॉप घेतला. अठरा हप्त्यांवर. मी भाषांतराची कामं करते आणि ती बहुतेक रात्रीच होतात. पुण्यात कर्वेनगरला दोघींत एक खोली आहे. दिवसभर रूममेटचे ऑफिसचे कॉल्स चालू असतात, त्यामुळे अकरानंतरची वेळ माझी. पाऊस सुरू झाला होता, पंखा बंद होता, आणि पहिल्याच रात्री मला तो आवाज ऐकू आला. बारीक, धारदार, डासासारखा. पण डास जागा बदलतो, हा बदलत नव्हता. मी चार्जर काढून पाहिला, फोन दुसऱ्या कोपऱ्यात ठेवला, खिडकी लावली. शेवटी कीबोर्डला कान लावला तेव्हा कळलं की आवाज आतूनच येतोय.

त्याची एक सवय आठवड्याभरात लक्षात आली. पान वर-खाली सरकवलं की आवाज तुटायचा. व्हिडिओ लावला की गायब व्हायचा. एखाद्या शब्दापाशी अडून मी नुसती स्क्रीनकडे बघत बसले की पुन्हा सुरू. म्हणजे मशीनला काम असलं की शांतता, आणि मला विचार करायचा असला की किणकिण. ज्या क्षणी मला शांतता हवी असायची, नेमक्या त्याच क्षणी ती नसायची.

सर्व्हिस सेंटरला गेले. काउंटरवर एसीची घरघर, मागे प्रिंटर, बाहेर सिग्नलला हॉर्न. पन्नाशीचे एक इंजिनिअर होते. त्यांनी लॅपटॉप कानाशी धरला आणि म्हणाले, "मॅडम, मला तर काहीच ऐकू येत नाही." मी विचारलं, "सर, आत एखादी शांत खोली आहे का?" नव्हती. त्यांनी टेस्ट लावल्या, सगळ्या पास झाल्या. जॉब शीटवर लिहून आलं, 'नो फॉल्ट फाउंड'. मी सही केली, बॅग उचलली, आणि तेवढ्यात ते हळू आवाजात म्हणाले, "घरी गेल्यावर बायोसमध्ये जा आणि सी-स्टेट बंद करून बघा. मी सांगितलं असं म्हणू नका."

घरी आले, सेटिंग बदलली. आवाज थांबला.

हा लेख त्या सेटिंगच्या बाजूने आहे आणि तिच्या विरुद्धही आहे. बाजूने, कारण ती चालते. लॅपटॉप किणकिणत असेल तर आज रात्रीच करून बघा, कशी ते पुढे सांगते. विरुद्ध, कारण त्या दुपारी नक्की काय झालं ते नंतर माझ्या लक्षात आलं. कागदावर आजार नव्हता, पण कानात औषध सांगितलं गेलं. औषध लागू पडलं, म्हणजे आजार होता. पण तोवर माझी तक्रार मिटलेली होती, मीच ती मिटवली होती, आणि त्याचा खर्च माझ्या बॅटरीतून जात होता.

आत कोण ओरडतं?

आवाज प्रोसेसरचा आहे असं आपण म्हणतो, पण प्रोसेसरची चिप स्वतः काही ओरडत नाही. तिच्या शेजारी बसलेले भाग ओरडतात.

चार्जरमधून १९-२० व्होल्ट येतात. प्रोसेसरला लागतो जेमतेम एक व्होल्ट, पण करंट मात्र भरपूर. हा बदल करायला मदरबोर्डवर व्होल्टेज रेग्युलेटर असतो, आणि त्यात असतात कॉइल म्हणजे तांब्याच्या तारेची वेटोळी, आणि तांदळाच्या दाण्याएवढे सिरॅमिक कपॅसिटर. कॉइलमधून जाणारा प्रवाह कमी-जास्त झाला की तिचं चुंबकीय बलही कमी-जास्त होतं आणि वेटोळं किंचित हलतं. कपॅसिटरमधलं सिरॅमिक बहुतेकदा बेरियम टायटॅनेटचं असतं. त्याला व्होल्टेज बदलला की आकार बदलायची खोड आहे. हे हलणं डोळ्यांना दिसणार नाही इतकं बारीक असतं. पण हे सगळे भाग बोर्डाला पक्के चिकटवलेले असतात, आणि गिटारची तार एकटी जेवढी वाजते त्यापेक्षा गिटारच्या पेटीवर किती मोठी वाजते ते आपल्याला माहीत आहे. बोर्ड ही इथली पेटी.

आता प्रश्न उरतो की ही हालचाल आपल्याला ऐकू का येते. रेग्युलेटर स्वतः सेकंदाला काही लाख वेळा चालू-बंद होतो. माणसाचा कान २० ते २०,००० हर्ट्झच्या आतलंच ऐकतो, म्हणजे ते आपल्या कानाच्या फार पलीकडचं. गडबड होते ती प्रोसेसरच्या झोपेमुळे.

सोसायटीचा रात्रीचा वॉचमन डोळ्यांसमोर आणा. गेटवर कोणी नसेल तर तो प्लास्टिकच्या खुर्चीत मागे रेलतो. गाडी आली की उठतो, गेट उघडतो, परत रेलतो. दर उठण्या-बसण्याला खुर्ची करकरते. प्रोसेसर असाच आहे. काम करत असतो तेव्हा त्या अवस्थेला सी-झीरो म्हणतात. काम नसलं की तो सी-वनमध्ये जातो, म्हणजे घड्याळ थांबवून नुसता डोळे मिटतो. त्याहून खोल सी-थ्री, सी-सिक्स वगैरे. सी-सिक्समध्ये कोअर आपली अवस्था बाजूला लिहून ठेवतो आणि त्याची वीज जवळजवळ पूर्ण तोडली जाते. आकडा जितका मोठा, झोप तितकी गाढ, आणि वीज तितकी कमी.

आपल्याला वाटतं लॅपटॉप रिकामा बसलाय. प्रत्यक्षात तो सेकंदाला शेकडो, कधी हजारो वेळा झोपतो आणि उठतो. घड्याळाचा टिकटिकाट, वायफाय, टचपॅड, ब्राउझरमध्ये उघडी ठेवलेली वीस टॅब, प्रत्येकजण त्याला हलवून जागं करतो. प्रत्येक झोपेला करंट कोसळतो, प्रत्येक जागेला उसळतो. ही उसळी सेकंदाला हजार-दोन हजार वेळा झाली की ती आपल्या कानाच्या पट्टीत येते. आपला कान सगळ्यात तिखट असतो तो साधारण २,००० ते ५,००० हर्ट्झच्या मध्ये. करकर खुर्चीची असते, पण ती वॉचमनच्या उठाबशीमुळे होते.

म्हणूनच व्हिडिओ लावला की आवाज जातो. वॉचमनला बसायलाच मिळत नाही.

वीस वर्षांची जुनी किणकिण

"नवीन मॉडेल आहे, अपडेट येईल" असं सांगणाऱ्यांसाठी थोडा इतिहास.

लिनक्सच्या कर्नलमध्ये घड्याळाचा ठोका पूर्वी साध्या पीसीवर सेकंदाला १०० वेळा पडायचा. २.६ ही आवृत्ती २००३च्या डिसेंबरमध्ये आली आणि ठोके १,००० झाले. १,००० हर्ट्झ म्हणजे थेट कानात बसणारा सूर. कित्येकांचे लॅपटॉप त्यानंतर गायला लागले. २००५मध्ये २.६.१३ आवृत्तीत हा आकडा निवडता येईल अशी सोय झाली आणि मूळ सेटिंग २५०वर आली. २००७मध्ये ठोकाच गरजेपुरता टाकायची पद्धत आली. त्या काळात थिंकपॅड वापरणाऱ्यांमध्ये एक युक्ती प्रसिद्ध होती: यूएसबी माउस लावा, आवाज जाईल. जादू काही नव्हती. जुनं यूएसबी सतत मेमरीत डोकावायचं, त्यामुळे प्रोसेसरला खोल झोपेत जाता यायचं नाही.

२००६मध्ये पहिला मॅकबुक प्रो आला तेव्हाही हीच तक्रार झाली. वापरणाऱ्यांना एक विचित्र उपाय सापडला. फोटो बूथ उघडून कॅमेरा चालू ठेवायचा, की प्रोसेसर जागा राहतो आणि आवाज थांबतो. दुसरा उपाय होता दोनपैकी एक कोअर बंद करून टाकायचा. हे चित्र जरा नीट बघा. त्या वर्षीचं जगातलं सगळ्यात मिरवलेलं मशीन, आणि त्याचा मालक शांततेसाठी कोपऱ्यात स्वतःचाच चेहरा चालू ठेवून काम करतोय, किंवा पैसे मोजून घेतलेल्या प्रोसेसरचा अर्धा भाग बंद ठेवतोय.

तेव्हापासून स्क्रीन बदलले, पोर्ट गेले, किंमती वाढल्या. उपाय मात्र तिथेच आहे: मशीनला झोपू देऊ नका. वीस वर्षं जुनी आणि सगळ्यांना माहीत असलेली अडचण अजून ग्राहकाने स्वतः सोडवायची असेल, तर ती कोणीतरी तशीच ठेवायचं ठरवलेलं आहे.

करायचं काय

आधी निदान. शांत खोलीत, पंखा बंद करून, सगळी ॲप्स मिटवून लॅपटॉप पाच मिनिटं नुसता ठेवा. एकदा बॅटरीवर, एकदा चार्जरवर. मग एखादा व्हिडिओ लावा. रिकामा असताना आवाज आणि कामात शांतता, असं असेल तर तो झोपेचा आवाज आहे आणि पुढचे उपाय चालतील. उलट, गेम लावल्यावरच आवाज येत असेल तर तो ग्राफिक्सच्या बाजूचा आहे. तिथे सी-स्टेटला हात लावून उपयोग नाही. गेममध्ये फ्रेम रेटला मर्यादा घाला, किंवा व्ही-सिंक चालू करा. नुसत्या मेनूच्या पानावर सेकंदाला कित्येक शे फ्रेम काढायची कार्डाला गरज नसते.

झोपेचा आवाज असेल तर पहिली जागा बायोस. काही लॅपटॉपांत तिथे 'सी-स्टेट्स' किंवा 'सीपीयू पॉवर मॅनेजमेंट' अशी नोंद असते. ती सरसकट बंद करण्याआधी बघा की फक्त खोल अवस्था बंद करायची सोय आहे का. सी-वन चालू राहिला तर नुकसान कमी होतं. पुष्कळ घरगुती मॉडेल्समध्ये मात्र ही नोंद दाखवतच नाहीत.

विंडोजमध्ये कंट्रोल पॅनेल, पॉवर ऑप्शन्स, प्लॅनच्या ॲडव्हान्स्ड सेटिंग्ज, आणि तिथे 'प्रोसेसर पॉवर मॅनेजमेंट'. 'मिनिमम प्रोसेसर स्टेट' वाढवून बघा. 'मॅक्सिमम' ९९ टक्क्यांवर आणला तर बहुतेक मशीनवर टर्बो बंद होतो आणि करंटच्या उड्या छोट्या होतात. झोपच बंद करायची सेटिंगही विंडोजमध्ये आहे, पण लपवलेली, ती कमांड देऊन उघडावी लागते. नव्या बऱ्याच लॅपटॉपांवर तर हे अख्खं पानच अर्धं गायब असतं. लिनक्सवाल्यांना बूट होताना 'यापेक्षा खोल झोपू नकोस' असा आकडा कर्नलला देता येतो.

प्रत्येक बदल एकेक करून करा आणि आधीचा आकडा लिहून ठेवा. शक्य असेल तिथे बदल फक्त चार्जरवर असतानाच लागू करा. आणि कॉइलवर नेलपॉलिश किंवा ग्लू गन लावायचे सल्ले मिळतील, ते वॉरंटीतल्या मशीनवर करू नका. मग दोष सिद्ध व्हायचा तो तुमचाच.

आणि बिल कोणी भरलं?

माझ्या मशीनवर झालेला फरक सांगते. आधी वाचन आणि टायपिंग अशा माझ्या रोजच्या कामाला बॅटरी जवळपास आठ तास पुरायची. सेटिंग बदलल्यावर पाच तासांत चार्जर शोधायची वेळ यायला लागली. मांडीवर ठेवलं की तळ कोमट लागायला लागला. आणि मध्येच फॅन सुरू व्हायचा. म्हणजे किणकिण घालवून मी घोंघाट आणला होता. फॅनचा आवाज मला चालतो, तो पावसासारखा मागे राहतो. पण माझी खरेदी पाहा. दुकानात मी मशीन निवडलं होतं ते खोक्यावर छापलेल्या बॅटरीच्या तासांवर. ते तास येतात कुठून? मुख्यतः याच गाढ झोपेतून. ती चालू असेल तर तास आहेत आणि किणकिण आहे. ती बंद केली तर शांतता आहे आणि तास नाहीत. मी पैसे दोन्हींचे दिले होते. मिळतं त्यातलं एकच, आणि कुठलं ते मी निवडायचं.

'पॉवर सेव्हिंग बंद करा' हे आपण उपाय म्हणून एकमेकांना सांगतो तेव्हा ही अदलाबदल आपण बोलत नाही. कॉइल जरा बरी निवडली असती, तिच्यावर रेझिन नीट भरलं असतं, कपॅसिटरची मांडणी बदलली असती, तर आवाज उगमापाशीच कमी झाला असता. या गोष्टी अभियंत्यांना ठाऊक आहेत. त्यांना खर्च येतो, थोडा का होईना. तो खर्च कारखान्यात वाचला आणि माझ्या घरी आला: रोज तीन तासांची बॅटरी, थोडी वीज, थोडी उष्णता, आणि बायोसच्या मेनूत घालवलेली एक संध्याकाळ. याला आपण जुगाड म्हणतो आणि वर कौतुक करतो. जुगाडाचा मला अभिमान आहे, पण दुसऱ्याच्या कामचुकारपणावर केलेला जुगाड ही फुकटातली सेवा असते.

"एवढ्याशा आवाजाचं काय घेऊन बसलीस?"

हे मला सगळ्यात जास्त वेळा ऐकावं लागलं. गणपतीत ढोल, लग्नात डीजे, रस्त्यावर हॉर्न, अशा शहरात राहून तुला लॅपटॉपची किणकिण टोचते? माझ्या भावाने तर सरळ विचारलं, "हेडफोन नाहीयेत का तुझ्याकडे?"

डीजेचा आवाज मोठा असतो, पण तो संपतो. आणि तो मोठा आहे हे मला कोणाला पटवून द्यावं लागत नाही. त्याला कायद्यात आकडा आहे. २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल लिहिलेले आहेत. पाळत नाहीत हा भाग वेगळा, पण मोडला तर काय मोडलं हे दाखवता येतं. माझ्या आवाजाला आकडा नाही. तो हळू आहे, पण हातभर अंतरावर आहे, एकाच सुरात आहे, आणि माझ्या कामाच्या तासांत आहे. टपकणारा नळ कोणाच्या कानाचे पडदे फाडत नाही. तरी रात्री दोनला उठून आपण त्याखाली फडकं ठेवतोच.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे आणि मला तो मान्य आहे. कॉइलच्या आवाजाने मशीन बिघडत नाही. भौतिकशास्त्राप्रमाणे प्रत्येक कॉइल थोडी हलणारच. पूर्ण मौन कोणी मागू नये. बरोबर. पण ट्यूबलाइटचा जुना चोकही गुणगुणायचा, १०० हर्ट्झवर, कारण आपली वीज ५० हर्ट्झची. तेव्हा इलेक्ट्रिशियन "भौतिकशास्त्र आहे" म्हणून निघून जायचा नाही. तो चोकचे स्क्रू आवळायचा किंवा चोक बदलून द्यायचा. भौतिकशास्त्राने हालचाल अटळ केली आहे. ती माझ्या कानापर्यंत किती येऊ द्यायची हे डिझाइनवर ठरतं, आणि तेच मॉडेल, तीच किंमत, तरी एकाचं मशीन गप्प आणि दुसऱ्याचं किणकिणतं, यातच दिसतं की गप्प मशीन बनवता येतं.

कोणाचा कान प्रमाण?

त्या इंजिनिअरांवर माझा राग नाही. ते खोटं बोलत नव्हते, त्यांना खरंच ऐकू आलं नसणार. वय वाढतं तसं वरच्या पट्टीचं ऐकणं आधी कमी होतं. जुन्या डब्यासारख्या टीव्हीतून १५,६२५ हर्ट्झची शिट्टी यायची. मुलांना बाहेरच्या खोलीतून कळायचं की टीव्ही चालू आहे, आवाज बंद असला तरी. आजोबांना ते पटायचं नाही. २००५मध्ये वेल्समधल्या हॉवर्ड स्टेपलटन यांनी याच फरकावर 'मॉस्किटो' नावाचं यंत्र बनवलं. १७,४०० हर्ट्झच्या आसपासचा आवाज काढून दुकानाबाहेर घोळका करणाऱ्या पोरांना पळवायचं, मोठ्यांना काही कळणारही नाही. पोरांनी त्याचीच रिंगटोन केली, वर्गात फोन वाजला तरी शिक्षकांना ऐकू येऊ नये म्हणून. २००६चं शांततेचं इग नोबेल या यंत्राला मिळालं.

विनोद बाजूला ठेवला तर यातून एक साधी गोष्ट कळते. तुम्ही विशीत असाल तर तुम्हाला जे ऐकू येतं ते काउंटरपलीकडच्या माणसाला ऐकू येईलच असं नाही. आणि निकाल त्याच्या कानावर लागतो, तोही एसी, प्रिंटर आणि हॉर्नच्या गर्दीत. 'मला ऐकू येत नाही' याचं 'आवाज नाही'त रूपांतर व्हायला एक सही पुरते. ती सही माझीच होती.

पण कानावर अवलंबून राहायची गरजच नाही. फोनमध्ये आवाजाचा आलेख काढणारं एखादं फुकट ॲप घ्या. फोनचा माइक कीबोर्डजवळ धरा. माझ्या मशीनच्या आलेखात साडेनऊ हजार हर्ट्झपाशी एक रेघ सुईसारखी उभी राहिली. व्हिडिओ लावला की मोडायची, थांबवला की पुन्हा उभी. साधं व्हॉइस रेकॉर्डिंग पाठवून उपयोग होईलच असं नाही, कारण फोन बऱ्याचदा असले बारीक सूर गोंगाट समजून पुसून टाकतो. आलेखाचा स्क्रीनशॉट मात्र पुसता येत नाही. रूममेटला आवाज ऐकू येत नव्हता. रेघ तिलाही दिसली.

दोष म्हणजे काय?

२०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दोषाची व्याख्या आहे. सोप्या मराठीत सांगायचं तर, कायद्याने, स्पष्ट किंवा गृहीत कराराने, अथवा विक्रेत्याने स्वतः केलेल्या दाव्याने जो दर्जा राखायला हवा, त्यात कमी पडणं म्हणजे दोष. इथे गोम आहे. दर्जा लिहिलेलाच नसेल तर कमी काय पडलं? खोक्यावर रॅम आहे, स्क्रीनचे निट्स आहेत, वजन ग्रॅममध्ये आहे. शांततेचा रकाना नाही. रकाना नसल्यामुळे 'विदिन स्पेसिफिकेशन' हे उत्तर नेहमी खरं ठरतं.

मोजता येत नाही म्हणून रकाना नाही, असं कोणी सांगितलं तर ऐकू नका. संगणकांचा आवाज मोजायचं आंतरराष्ट्रीय मानक आहे, आयएसओ ७७७९. जाहीर कसा करायचा त्याचंही आहे, आयएसओ ९२९६. आणि ईसीएमए-७४ या मानकात तर नेमकं हेच दिलेलं आहे की एकंदर आवाजातून एखादा सूर वेगळा उठून दिसतो का, ते कसं ठरवायचं. काही कंपन्या डेसिबलचा आकडा जाहीर करतातही. पण तो सगळा आवाज मिळून एक आकडा असतो, आणि एकंदर बेरजेत एक बारीक सूर सहज लपतो. मोजपट्टी तयार आहे, फक्त ती आपल्या खोक्यापर्यंत येत नाही.

मी वकील नाही. पण 'गृहीत करार' या शब्दांत मला थोडी जागा दिसते. वाचण्या-लिहिण्यासाठी विकलेलं यंत्र शांत खोलीत वाचता-लिहिता यावं, हे गृहीत नाही तर काय आहे? आणि ते शांत करायला जाहिरातीतली बॅटरी सोडावी लागत असेल, तर निदान तो दावा तरी अपुरा सांगितलेला आहे.

म्हणून माझं म्हणणं एवढंच. नवा लॅपटॉप आला की रिप्लेसमेंटची मुदत संपायच्या आत, पहिल्याच रात्री, शांत खोलीत त्याला ऐका. दुकानात ऐकू येणार नाही. आवाज असेल तर आलेखाचा स्क्रीनशॉट काढा, तारीख घाला आणि लेखी तक्रार करा. सेटिंग बदलून आवाज थांबला तर तक्रारीत तेही लिहा, कारण तो दोषाचा पुरावा आहे. बॅटरी किती घटली तेही लिहा. 'नो फॉल्ट फाउंड'वर सही करताना खाली एक ओळ स्वतःच्या हाताने लिहा: 'तपासणी शांत खोलीत झाली नाही.' ऐकलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे. आणि यूट्यूबवर रिव्ह्यू करणाऱ्यांना खाली विचारत राहा: बॅटरी किती तास चालली ते सांगितलंत, त्या तासांत मशीन किणकिणत होतं का ते सांगा.

माझं सांगायचं तर, मी दुसऱ्यांदा गेले तेव्हा स्क्रीनशॉट घेऊन गेले. तेच इंजिनिअर होते. त्यांनी रेघ बराच वेळ पाहिली. या वेळी जॉब शीटवर 'कस्टमर रिपोर्ट्स टोन, ग्राफ अटॅच्ड' असं लिहिलं आणि कागद वर पाठवला. अजून उत्तर नाही. चार्जरवर असताना माझं सी-स्टेट बंद असतं, त्यामुळे आत्ता हे लिहिताना खोलीत शांतता आहे. हप्ते अजून सहा उरलेत, वॉरंटीचे दोन महिने. दर पंधरा दिवसांनी मी त्यांना मेल पाठवते, आणि मेल लिहायच्या आधी सेटिंग पुन्हा पूर्वीसारखी करते. आवाज ऐकत लिहिलेलं बरं, नाहीतर तक्रार सौम्य होते.